सागवानाचा काय गुन्हा?

"टेबल चिकटतंय, म्हणजे लाकूड खराब झालं." हे वाक्य मी गेली काही वर्षे घरांतून, कार्यालयांतून आणि सर्वांत जास्त शाळांतून ऐकत आले आहे. बोलणाऱ्याच्या आवाजात शंका नसते, निकाल असतो. आणि निकाल लागला की शिक्षाही ठरलेली असते. टेबल भंगारात जाते आणि त्याच्या जागी भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, वरून लाकडाचे चित्र चिकटवलेले नवे टेबल येते. त्या चित्रातसुद्धा सागवानाच्याच रेषा छापलेल्या असतात, हा या गोष्टीतला सर्वांत मोठा विनोद.

माझे म्हणणे सरळ आहे. तेल दिलेल्या लाकडाच्या ज्या तक्रारी आपण करतो, त्यांपैकी बहुतेक लाकडाच्या नसतात. चिकटपणा, सुरकुत्या, पांढरे गोल, काळे डाग, बुरशी ही सगळी आपल्या घाईची आणि अज्ञानाची लक्षणे आहेत. त्यांतली जवळजवळ सगळी घरच्या घरी किंवा साध्या पॉलिशवाल्याच्या हातून बरी होतात. तरीही आपण न विचारता, न तपासता चाळीस-पन्नास वर्षांचे लाकूड फेकतो आणि वर त्याला 'आधुनिक होणे' म्हणतो. माझा वाद या न विचारण्याशी आहे.

आधी तेलाची बाजू ऐकून घेऊ, कारण आरोपीचे म्हणणे कुणीच ऐकलेले नाही.

ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी उडून जाते. जवसाचे तेल तसे वाळत नाही. त्यातले काही उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट थर होतो. म्हणजे तेल वाळते ते हवा मिळाली तरच. थर पातळ असेल तर हवा आरपार पोचते. थर जाड असेल तर वरची साय आधी धरते, खालच्या तेलाची हवा बंद होते आणि आत कच्चे तेल महिनोन्‌महिने तसेच राहते. बोट लावले की चिकटते ते हेच.

हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. स्वयंपाकघर पुरते. बिडाचा नवा तवा तयार करताना आई काय सांगते? तेलाचा हलका हात फिरव, पुसून घे, तापव, पुन्हा फिरव. भरपूर तेल ओतून तवा तापवला तर त्यावर तपकिरी, चिकट डाग पडतात आणि ते घासता घासता हात दुखतात. गॅसच्या वरच्या फळीवर, तेलाच्या डब्याच्या बुडाशी जो पिवळा चिवट थर साचतो, तोही अर्धवट वाळलेल्या तेलाचाच. जी बाई तो थर दर दिवाळीला किंवा ईदला घासून काढते, तिला चिकट टेबलाचे अर्धे शास्त्र आधीच माहीत असते. फक्त तिला कुणी विचारत नाही.

सगळी तेले सारखी नसतात, हेही तिला माहीत असते. खोबरेल वर्षभर ठेवले तरी त्याचा थर धरत नाही, जवसाचा धरतो. रसायनशास्त्रात हा फरक आयोडीन मूल्याने मोजतात. खोबरेलाचे मूल्य दहाच्या आसपास येते, जवसाचे 170 च्या वर. मूल्य जितके जास्त, तितके तेल हवेत लवकर घट्ट होते. म्हणून लाकडाला खोबरेल, गोडेतेल किंवा मोहरीचे तेल चोळणे ही दोन दिवसांची चमक आहे. ते वाळत नाही, धूळ धरते आणि काही महिन्यांनी खवट वास मारते. 'घरगुती उपाय' म्हणून हे जे सगळीकडे सांगितले जाते, त्याने जितकी टेबले बिघडली असतील तितकी पाण्यानेही बिघडली नसतील.

जवसातही दोन प्रकार आहेत. विदर्भात ज्या जवसाची चटणी खातात, त्याच जवसाचे घाण्यावरचे कच्चे तेल लाकडावर वाळायला कित्येक दिवस घेते, पावसाळ्यात कित्येक आठवडे. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून जे मिळते, त्यात वाळण्याची क्रिया वेगाने व्हावी म्हणून सहसा धातूंची संयुगे घातलेली असतात. ते साधारण एक-दोन दिवसांत वाळते. नावात 'उकळलेले' आहे म्हणून घरी कढईत कच्चे तेल उकळू नये; त्याने ते काम होत नाही आणि आग लागायची भीती असते. आणि हे दुकानातले तेल पोळपाटाला किंवा भाजी चिरायच्या फळीला देऊ नये. एवढा फरक बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत आहे? आपल्या राज्यात रंगाच्या डब्यावर नट्यांचे फोटो असतात, वापरायची रीत मात्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असते.

आता ज्या प्रकरणाने मला हा लेख लिहायला बसवले, ते सांगते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची नाही.

वाचनालयात सहा लांब टेबले होती. सागवानाची, जाड फळीची, कुणा जुन्या गृहस्थाने दिलेली. शाळा उघडायच्या आधी 'तेलपाणी करून घ्या' असा आदेश निघाला. शिपायाच्या हातात घाण्यावरच्या कच्च्या तेलाचा डबा आणि रंगाचा ब्रश दिला. मुदत एक दिवस. 'चांगलं भरपूर लावा' असे सांगितले होते, त्याने भरपूर लावले. पुसून घ्यायला कुणी सांगितले नव्हते. लगेच पाऊस सुरू झाला, खिडक्या बंद झाल्या. जुलैत मुलांच्या वह्यांची पाने टेबलाला चिकटू लागली. 15 ऑगस्टला पाहुणे येणार म्हणून त्या ओल्या तेलावर वार्निश मारले गेले. आठ दिवस टेबले आरशासारखी चमकली. मग वार्निशला सुरकुत्या पडल्या, कडेला सालपटे निघाली. पुढच्या बैठकीत कागद आला: लाकूड कुजलेले असून वापरास अयोग्य, सबब डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखन करण्यात यावे.

मी विचारले, "कुजलंय हे कुणी तपासलं? चाकूचं टोक तरी कुणी खुपसून पाहिलं का?" उत्तर मिळाले, "टीचर, तुम्ही भाषा शिकवता. हा तांत्रिक विषय आहे." खोलीत एकही तांत्रिक माणूस नव्हता. सगळे माझ्यासारखेच बी.एड. होते.

मी आमच्या मोहल्ल्यातल्या पॉलिशवाल्या चाचांना घेऊन गेले. त्यांचे वय सत्तरीच्या घरात आहे, हाताची नखे लाखेने कायमची तपकिरी झालेली. त्यांनी टेबलाच्या खालच्या बाजूला नख ओढून पाहिले, चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवून वरच्या एका कोपऱ्यावर ठेवली, दहा मिनिटे बिडी ओढून आले आणि पुसले. सुरकुतलेले वार्निश आणि चिकट तेल लगद्यासारखे चिंधीवर आले. खाली तळहाताएवढे सोनेरी, घट्ट, निरोगी सागवान. ते म्हणाले, "टीचर, लकड़ी कू कुछ नहीं हुआ. तेल कू भी जल्दी नहीं थी. जल्दी लोगां कू थी."

पण ठरावावर सह्या झालेल्या होत्या. टेबले गेली. भंगारवाल्याने मोजून पैसे दिले आणि पावती घेतली. लाकूड कुजलेले असल्याची तक्रार त्याने एकदाही केली नाही. त्याला सागवान ओळखता येत होते. नवी टेबले आली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगल्या. भुश्श्याची फळी एकदा फुगली की तिला रंधा मारून सपाट करता येत नाही. तिथे खरोखरच निर्लेखन हाच उपाय.

तर मग काय करायला हवे होते? हे मी तपशिलात लिहिते, कारण 'जुने जपा' अशी हाक द्यायला कुणीही देतो; कसे जपायचे हे कुणी सांगत नाही.

चिकट टेबल हाती आले की आधी एक तपासणी. चाकूचे टोक पायांच्या खालच्या बाजूला आणि जोडांत दाबून पाहा. सहज आत गेले, भुगा पडला, तर वाळवी किंवा भुंगा आहे. तो वेगळा आजार. टोक अडले तर लाकूड ठणठणीत आहे. मग चिंधीची परीक्षा: टर्पेंटाइनची भिजलेली चिंधी दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि पुसा. चिकटपणा चिंधीवर आला तर काम सोपे आहे.

सगळ्या टेबलावर टर्पेंटाइन लावा, मऊ होऊ द्या, भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या घासणीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा आणि सुती कापडाने पुसा. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. थर जुना, चामड्यासारखा झाला असेल तर आधी खरवडावा लागतो. जुने सुतार त्यासाठी काचेचा तुकडा उभा धरून ओढतात. नवख्याने पत्र्याची पट्टी घ्यावी. पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी, 180 नंबरापासून 320 पर्यंत चढत. चिकट थरावर थेट पेपर मारला तर दोन फेऱ्यांत तो भरून जातो, आणि मग लोक म्हणतात, "बघा, पेपरसुद्धा चालत नाही."

मग दोन-तीन दिवस सावलीत, खेळत्या हवेत ठेवा. दुपारच्या उन्हात ठेवू नका. उन्हाने लाकूड तडकते, आणि छिद्रांत मुरलेले तेल गरम होऊन थेंबाथेंबाने वर येते.

नव्याने तेल देताना डबल बॉइल्ड तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे. कपड्याने चोळा, पंधरा-वीस मिनिटे थांबा आणि मग जे लाकडाने घेतले नाही ते सगळे पुसून काढा. कोरडे कापड फिरवल्यावर त्यावर तेल दिसता कामा नये. सगळी कला या पुसण्यात आहे. पहिले काही तास अधूनमधून हात फिरवून बघा. छिद्रांतून थेंब आले असतील तर तेही पुसा. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. पावसाळ्यात मधले अंतर दुप्पट धरा, किंवा सरळ दसऱ्यापर्यंत थांबा. सागवान आणि शिसम यांच्यात मुळातच असे पदार्थ असतात की त्यांच्यामुळे तेल उशिरा वाळते. म्हणून पहिल्या हाताआधी स्पिरिट किंवा थिनरच्या कपड्याने पृष्ठभाग पुसून घेणे चांगले.

चहाच्या कपाचे पांढरे गोल बहुधा वरच्या थरातल्या ओलाव्याचे असतात. थोडे तेल घालून 400 नंबरच्या पेपरने हलक्या हाताने चोळले की बहुतेक जातात. काळे डाग निराळे. लाकडातले टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की शाईच तयार होते. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तिच्यावर ओला खिळा किंवा लोखंडी डबा ठेवला की काळा ठसा उमटतो. हे डाग काढायला ऑक्सॅलिक ॲसिड लागते. ते विषारी आहे. हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवून, आधी तेल काढलेल्या लाकडावर लावावे, मग पाण्याने नीट धुवावे. वाळलेले स्फटिक घासून त्यांची धूळ उडवू नये. आणि असल्या लाकडावर स्टील वूल वापरू नये. त्याचे बारीक तंतू छिद्रांत अडकतात, पावसाळ्यात गंजतात आणि एका डागाचे शंभर होतात.

कोकणात आणि मुंबईत तेलाच्या फर्निचरवर बुरशी येते, ती तेलामुळेच. जवसाचे तेल हे बुरशीचे अन्न आहे, त्यात कच्चे आणि अर्धवट वाळलेले तर मेजवानी. कोरड्या फडक्याने, घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून पुसा, मग पांढऱ्या व्हिनेगरच्या ओल्या कपड्याने आणि शेवटी कोरडे करा. मेज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्यावर पुन्हा तेल चोळणे म्हणजे बुरशीला दुसरे ताट वाढणे.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा ती आत कोंडतो आणि काडी न लावता पेट घेतो. 23 फेब्रुवारी 1991 ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत जळाली. आग 22 व्या मजल्यावर, लाकूडकाम करणाऱ्यांनी मागे सोडलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांतून लागली होती. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. आपल्याकडे पॉलिशचे काम करणारी मुले त्याच खोलीत, त्याच चिंध्यांच्या उशाशी झोपतात. चिंध्या एकेक उलगडून बाहेर मोकळ्या जागी दोरीवर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. ठेकेदाराला हे सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि तीही कुणी देत नाही.

यात अवघड काय आहे? वेळ सोडला तर काहीच नाही. आणि तिथेच आपले दुखणे आहे.

घाईवर धंदा उभा राहिला आहे. एक फवारा मारा, टेबल नवे, असे सांगणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या अनेकांत सिलिकॉन असते. चमक येते, पण पुढे कुणी त्यावर पॉलिश करायला गेला की थर धरत नाही, जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. तेव्हा शिव्या मात्र पॉलिशवाल्याला. दुसरा उपाय सांगतात तो मेलामाइन किंवा पीयू मारून टाकायचा. चांगल्या कोरड्या लाकडावर ते टिकते, मी नाकारत नाही. पण खाली कच्चे तेल असताना वर ते मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. सहा महिन्यांनी सालपटे निघणार, हे मारणाऱ्याला माहीत असते आणि सांगण्याची त्याला सोय नसते. सांगितले तर काम दुसऱ्याला जाते.

कारागिराला आपण कसे वागवतो, ते एकदा पाहा. लग्न पंधरवड्यावर आले की त्याला बोलावतो. चार दिवसांचे काम दोन दिवसांत मागतो. दर पाडून मागतो. बंद खोलीत थिनरचा वास घेत तो काम करतो, त्याला साधा मास्क द्यायचे सुचत नाही. तो म्हणाला, "साहेब, दोन हातांच्या मधे एक दिवस सोडावा लागेल," की आपल्याला वाटते तो मजुरी वाढवायला पाहतो आहे. मग तो शिकतो की खरे बोलण्यात नुकसान आहे. जाड हात मारतो, पैसे घेतो, जातो. सहा महिन्यांनी आपण म्हणतो, हल्ली चांगले कारागीर राहिले नाहीत. कारागीर राहिले आहेत; चांगले काम करू देणारे गिऱ्हाईक राहिले नाही.

समोरून काही बरोबर मुद्देही येतात. सगळ्यांकडे सागवान नसते, भाड्याच्या घरात जड फर्निचर परवडत नाही, ओट्याखाली आणि वसतिगृहाच्या जेवणघरात तेलाच्या लाकडापेक्षा सनमायका सोयीचा. मान्य. तेलाच्या लाकडाला वर्ष-दोन वर्षांनी एक हात लागतो, हेही मान्य. माझे म्हणणे एवढेच आहे की जे सागवान घरात आहे, शाळेत आहे, ते टाकताना खर्चाचा हिशेब पुरा मांडा. एका बाजूला एक डबा टर्पेंटाइन, एक डबा तेल, दोन-चार पेपर आणि एका माणसाची तीन-चार दिवसांची रास्त मजुरी. दुसऱ्या बाजूला नवे टेबल, जे पाच-सात पावसाळ्यांत पुन्हा बदलायचे आहे, आणि ज्याच्या फळ्या बहुधा फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने दाबलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला 2004 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकले आहे. हा हिशेब खरेदी समितीच्या कोणत्या रकान्यात लिहितात?

मी दोन भाषा शिकवते, म्हणून शब्दांकडे माझे लक्ष जाते. रंधा, तक्ता, खुर्ची, दरवाजा हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले की कुणाला परके वाटत नाहीत. 'दुरुस्ती' हाही त्यांतलाच. उर्दूत 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, खरे, योग्य. मुलाच्या उत्तरावर मी 'दुरुस्त' लिहिते तेव्हा ते उत्तर खरे आहे असा अर्थ होतो. म्हणजे दुरुस्ती म्हणजे वस्तूला तिच्या खरेपणाकडे परत नेणे. वरून थर चढवून दोष झाकणे याला उर्दूत वेगळा शब्द आहे, मुलम्मा. मराठीतही तो मुलामा म्हणून आला आहे. शब्द दोन्ही आहेत. आपण अर्थांची अदलाबदल केली आहे. मुलामा चढवतो आणि बिलावर 'दुरुस्ती' लिहितो.

आणि ही अदलाबदल शाळेत व्हावी, याची मला जास्त चीड आहे. बी.एड.च्या परीक्षेत आम्ही सगळ्यांनी नई तालीमवर दहा गुणांचे उत्तर लिहिलेले असते. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे तिने सांगितले. मूलोद्योगांत कताई-विणकाम होते, शेती होती, सुतारकामही होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकावे असे लिहिले आहे. धोरण छापून झाले. दहा दिवस बहुतेक ठिकाणी रंगीत कागदाची फुले कापण्यात जातात, फोटो अपलोड होतात. आणि त्याच इमारतीत, त्याच मुलांसमोर, सागवानाची सहा टेबले 'कुजलेली' म्हणून टेम्पोत चढतात. मुलांनी त्या दिवशी काय शिकले? की बिघडले की फेकायचे असते. आणि ज्याला ते नीट करता येते, त्याचे म्हणणे ठरावाच्या आधी ऐकायची गरज नसते.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांना शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. लाकडी वस्तूच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला की त्याला एका सुताराचा किंवा पॉलिशवाल्याचा लेखी अभिप्राय जोडलेला असावा, आणि त्याला लिहिता येत नसेल तर त्याने सांगायचे आणि आपण लिहायचे. वस्तूवर चाकूची आणि चिंधीची परीक्षा समितीसमोर व्हावी. तिला वीस मिनिटे लागतात, बैठकीत चहाला याहून जास्त वेळ जातो. तेलपाणी मे महिन्यात नव्हे, दिवाळीच्या सुट्टीत करावे, म्हणजे हवा कोरडी असते आणि हातांच्या मधे दिवस सोडता येतात. दप्तराविना दिवसांत एक मोडके, चिकट, डागाळलेले टेबल मैदानात आणावे आणि मोहल्ल्यातल्या एखाद्या चाचांना किंवा मिस्त्रींना शिक्षक म्हणून बोलवावे. खुर्ची द्यावी, मानधन द्यावे, हजेरीपटावर त्यांचे नाव लिहावे. खरवडायचे काम मोठ्या मुलांनी करावे, पुसायचे काम सगळ्यांनी. दोन हातांच्या मधे एक दिवस थांबायचे असते, हे त्या मुलांना तिथे कळेल. ते कळलेले मूल पुढे गिऱ्हाईक होईल, ठेकेदार होईल, कदाचित खरेदी समितीवरही बसेल.